दिशा कळते, वाट कळत नाही

मुंबईच्या माणसाला डोंगर म्हटलं की माथेरान आठवतं, लोणावळा आठवतं, फार तर कर्जत आठवतं. चर्चगेटपासून विरारपर्यंत ६० किलोमीटर लोकलने रोज ये-जा करणारे हजारो लोक आहेत. विरार स्टेशनच्या पूर्वेला उतरून तासाभरात खऱ्याखुऱ्या डोंगराच्या पायथ्याशी पोहोचता येतं, हे मात्र त्यांच्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असतं.

आमच्या चांदीपची गोष्ट घ्या. शिरसाड-मांडवीच्या पट्ट्यातलं हे गाव. मुंबई-अहमदाबाद महामार्गाने गुजरातकडे जाणाऱ्या गाड्यांना त्याचं नावही माहीत नसतं. पण हिवाळ्यातल्या सकाळी धुकं उतरल्यावर इथे उभं राहून पाहा. एका अंगाला तुंगारेश्वरची हिरवी रांग दिसते. या जंगलाला २००३ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. दुसऱ्या अंगाला, तानसा नदीच्या पलीकडे, टकमकचा डोंगर उभा असतो. टकमक म्हटल्यावर अनेकांना रायगडावरचं टकमक टोक आठवतं. ते वेगळं. आमचा टकमक हा स्वतंत्र किल्ला आहे, सुमारे २००० फूट उंचीचा. महामार्गावरच्या सकवार गावातून त्याची वाट वर जाते.

या डोंगरावर एका दिवसात जाऊन यायचं असेल तर काय करावं, आणि सोबत वाटाड्या का घ्यावा, हे आज सांगायचं आहे. सल्ला देण्याचा मला काही मोठा अधिकार नाही. चुकलेला माणूस म्हणूनच बोलतो आहे.

वीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. डिसेंबरचा महिना होता. आम्ही चौघे मित्र सकवारला उतरलो. गावातला एक म्हातारा दारात बसून कोयत्याला धार लावत होता. त्याने विचारलं, ‘वर जाताय? सोबत येऊ?’ त्याने दीडशे रुपये सांगितले. आम्ही पन्नास म्हणालो. तो हसला आणि पुन्हा कोयत्याकडे वळला. आम्हीही हसलो. डोंगर समोर दिसत होता. त्याच्याकडे तोंड करून चालत राहिलं की झालं, त्यात दीडशे रुपये कशाचे द्यायचे, असा आमचा हिशेब होता.

दुपारी दोनपर्यंत आम्ही एका कड्याखाली पोहोचलो होतो. माथा डोक्यावर दिसत होता आणि वर चढायला जागाच नव्हती. डावीकडे गेलो तर कारवीचं रान, उजवीकडे गेलो तर घळ. परत फिरावं तर आलो ती वाट सापडेना. आमच्यातल्या एकाला मधुमेह होता. त्याचे हात थरथरू लागले, घाम फुटला. पिशवीत दोन केळी उरली होती ती त्याला दिली. पाणी संपलेलं होतं. सूर्य कलायला लागला. पश्चिम कुठे हे मला नेमकं कळत होतं. पाच वेळा त्या दिशेला तोंड करणाऱ्याला ते कळायचंच. पण त्या दिवशी मी एक गोष्ट शिकलो. दिशा कळणं वेगळं आणि वाट कळणं वेगळं.

शेवटी पानांची सळसळ ऐकू आली. डोक्यावर लाकडांची मोळी घेतलेली एक बाई उतरत होती. तिने आमच्याकडे एकदा पाहिलं, काही विचारलं नाही, फक्त म्हणाली, ‘माझ्या मागून या.’ ती पुढे, आम्ही मागे. जिथे आम्हाला जमीनच दिसत नव्हती तिथे ती मोळीसकट सरळ चालत होती. अंधार पडता पडता गावाचे दिवे दिसले. आम्ही पैसे पुढे केले. तिने ते घेतले, मोजले नाहीत, आणि म्हणाली, ‘सकाळी कुणाला तरी सोबत घेतलं असतं तर बरं झालं असतं.’

पुढच्या हिवाळ्यात मी पुन्हा गेलो. त्याच म्हाताऱ्याच्या दारात. त्याने ओळखलं, की ओळखल्यासारखं केलं, कोण जाणे. या वेळी भाव केला नाही. पुढे जे सांगणार आहे त्यातलं बरंचसं त्याच्या मागून चालताना कळलेलं आहे.

पहिला प्रश्न असा, की समोर दिसणारा डोंगर चढताना माणूस चुकतो का? याचं उत्तर सह्याद्रीच्या घडणीत आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीला लांबच लांब भेगा पडून लाव्हारस बाहेर आला. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. एक थर थिजला की त्यावर दुसरा. त्यातून हा काळा कातळ, म्हणजे बेसॉल्ट, तयार झाला. भूगर्भशास्त्रात या सगळ्या प्रदेशाला ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात. यातला ‘ट्रॅप’ म्हणजे सापळा नव्हे. तो उत्तर युरोपातल्या भाषांमधला पायरी या अर्थाचा शब्द आहे. आपले डोंगर पायऱ्यांचे आहेत. आधी चढ, मग सपाटी, मग सरळ उभा कडा, पुन्हा सपाटी, पुन्हा कडा. प्रत्येक कड्यात वर जायला कुठेतरी एखादी खाच असते, एखादी नाळ, नाहीतर दोन शिखरांमधली खिंड. वाट त्या खाचेकडे जाते, शिखराकडे नाही. त्यामुळे कित्येकदा शिखराकडे पाठ करून अर्धा तास चालावं लागतं. ज्याला हे ठाऊक नाही तो शिखराकडे पाहत चालतो आणि कड्याखाली जाऊन अडकतो. आमचं नेमकं हेच झालं होतं.

दुसरी अडचण वाटांचीच. जंगलात वाट नसते असं नाही. उलट फार वाटा असतात. आमच्या म्हाताऱ्याने त्यांच्या जाती सांगितल्या. ढोरवाट डोंगराला आडवी, एकाच पातळीवरून जाते, कारण गुरांना चढायचं नसतं, चरायचं असतं. ती गवताशी किंवा पाण्याशी नेऊन सोडते आणि तिथेच विरून जाते. मोळीवाल्यांची वाट जरा रुंद असते. डोक्याच्या उंचीवर दोन्ही बाजूंच्या फांद्या मोडलेल्या दिसतात, पण ती तोडलेल्या खुंटांपाशी संपते. माथ्यावर जाणारी जुनी वाट अरुंद असते, पण तिच्यातले दगड पायांनी गुळगुळीत झालेले असतात. अवघड जागी कुणीतरी कधीतरी पायरीसारखा दगड बसवलेला असतो. हे सांगताना तो थांबत नव्हता. चालता चालता कोयत्याचं टोक त्या त्या खुणेकडे करायचा आणि पुढे जायचा.

तिसरी गोष्ट म्हणजे वाट ऋतूप्रमाणे बदलते. पावसाळ्यानंतर, ऑक्टोबरात, गवत कमरेएवढं असतं आणि जानेवारीत उघडी दिसणारी वाट तेव्हा दिसतच नाही. हल्ली अनेक जण म्हणतात, मोबाइलमध्ये नकाशा असतो, वाटाड्या कशाला? मोबाइल उपयोगाचा आहे, मी नाही म्हणत नाही. पण त्यात असते ती कुणीतरी एके दिवशी चाललेली रेघ. कड्याजवळ ती रेघ पंधरा-वीस पावलं इकडेतिकडे झाली तरी आपण खाचेऐवजी दरीच्या तोंडाशी असतो. शिवाय बॅटरी संपते, आणि डोंगराच्या पोटात सिग्नल नसतो.

पैसे घेऊन वाट दाखवण्याचा हा व्यवसाय तसा जुना. फ्रान्समध्ये आल्प्सच्या पायथ्याशी शामोनी नावाचं गाव आहे. तिथल्या वाटाड्यांनी १८२१ साली आपली संस्था स्थापन केली, ती आजही चालू आहे. इंग्लंडमध्ये थॉमस कुक यांनी १८४१ साली लेस्टरहून लफबरोला रेल्वेने एका दिवसाची सामुदायिक सहल नेली. ठरलेल्या पैशांत, ठरलेल्या गाडीने, माहितगाराबरोबर जाऊन त्याच दिवशी परत यायचं, ही आजची ‘वन डे ट्रिप’ तिथून पुढे वाढली. आपल्याकडे मुंबईत ‘गिरिविहार’ ही गिर्यारोहकांची संस्था १९५४ साली सुरू झाली आणि हळूहळू रविवारी पाठीवर पिशवी टाकून डोंगरात जाणं ही मध्यमवर्गाची सवय बनली.

पण वाट जाणणारा माणूस आपल्याकडे त्याही आधीचा आहे. किल्ल्यांच्या घेऱ्यात, म्हणजे गडाखालच्या रानात, कोळी, रामोशी, महार यांच्यासारख्या समाजांकडे चौक्या-पहारे असत. या रानाची वाट न् वाट त्यांना पाठ असे. १७३७ ते १७३९ या काळात चिमाजी अप्पांची वसईची मोहीम याच मुलखात झाली. इतिहासात सेनापतींची नावं राहतात. रात्रीच्या अंधारात फौजांना खाडीच्या आणि डोंगराच्या वाटा दाखवणाऱ्यांची नावं राहत नाहीत. वसईच्या पूर्व पट्ट्यात आज वारली, मल्हार कोळी, कातकरी हे आदिवासी समाज राहतात. वाट त्यांना पुस्तकातून कळलेली नाही. गुरं, लाकूड, मध, रानभाजी यांच्या मागे फिरून ती पायांत उतरलेली आहे.

आता प्रत्यक्ष सहलीकडे येऊ. मुंबईहून रविवारी अशा कितीतरी सहली निघतात. त्यात तीन वेगवेगळी माणसं असतात आणि आपण ती एकच समजतो. पहिला आयोजक, जो पैसे घेतो, गाडी आणि जेवण ठरवतो. दुसरा नेता, जो गटाबरोबर चालतो, वेळ सांभाळतो, कुणाला काय होतंय ते पाहतो. तिसरा वाटाड्या, जो गावातला असतो. नेता शहरातून आला असेल आणि वाटाड्या घेतलेला नसेल, तर ती सहल अर्धीच. वाटाड्या आहे पण नेता नाही, हेही अर्धंच. वाटाड्याला वाट कळते, पण आपल्यातल्या कुणाला दम्याचा त्रास आहे हे त्याला कसं कळणार? म्हणून पैसे भरण्यापूर्वी विचारा. सोबत स्थानिक माणूस आहे का? प्रथमोपचाराची पेटी आहे का? गटाच्या सर्वांत मागे कोण चालणार? हा मागचा माणूस फार महत्त्वाचा. माणसं हरवतात ती बहुधा मागूनच.

महाराष्ट्र शासनाने २०१८ साली गिर्यारोहण आणि साहसी उपक्रमांसाठी सुरक्षेच्या मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०२१ साली साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. त्यानुसार अशा सहली नेणाऱ्यांनी नोंदणी करणं अपेक्षित आहे. ‘तुमची नोंदणी आहे का?’ हे विचारायला लाजू नये. आपण रिक्षात बसतानासुद्धा मीटर पाहतो.

टकमकला जायचं तर विरार पूर्वेहून सकाळी लवकर निघावं. शिरसाड फाटा, खानिवडे, भालिवली अशी गावं मागे टाकत महामार्गाने सकवार गाठायचं. चढायला सवयीच्या माणसाला अडीच तास, नवख्याला तीन किंवा जास्त. माणशी किमान तीन लिटर पाणी घ्यावं. वर कातळात खोदलेली टाकी आहेत, पण त्यांच्या भरवशावर जाऊ नये. पायांत चांगल्या पकडीचे बूट हवेत. मुरमाच्या उतारावर चप्पल म्हणजे घसरगुंडी. खाण्यात गूळ-शेंगदाणे, केळी, भाकरी असावी. मधुमेही माणसाने आपलं औषध आणि साखर स्वतःच्या खिशात ठेवावी, दुसऱ्याच्या पिशवीत नाही. हे मी अनुभवाने सांगतो.

सर्वांत मोठा नियम वेळेचा. निघतानाच परतीची वेळ ठरवायची. दुपारी एक म्हणजे एक. माथा पंधरा मिनिटांवर राहिला असला तरी फिरायचं. डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, पण जंगलात पाच वाजताच अंधारल्यासारखं होतं. चढताना दमलेला माणूस बसतो. उतरताना दमलेला माणूस पडतो. आणि चढताना दर वळणावर मागे वळून पाहावं, कारण येतानाची वाट जातानाच्या वाटेसारखी दिसत नाही.

ऋतूंचंही ध्यानात ठेवावं. पावसाळ्यात ओढ्यांचा भरवसा धरू नये. आपल्या डोक्यावर ऊन असतं आणि वरच्या पठारावर पाऊस कोसळत असतो. ओढ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं, त्यातून पालापाचोळा वाहून येऊ लागला, की त्याच क्षणी काठ गाठायचा आणि पाणी उतरेपर्यंत बसून राहायचं. जुलै २०१८ मध्ये वसई तालुक्यातल्या चिंचोटी धबधब्यावर शंभराहून अधिक माणसं अशीच अडकली. त्यांची सुटका झाली, पण एकाचा जीव गेला. म्हणून पावसाळ्यात अशा जागी प्रशासनाने बंदी घातली असेल तर ती पाळावी. उन्हाळ्याची भीती वेगळी, ती वणव्याची. मार्च २०१८ मध्ये तमिळनाडूत थेनी जिल्ह्यातल्या कुरंगणीच्या डोंगरात पदभ्रमणाला गेलेले गट वणव्यात सापडले आणि वीसहून अधिक माणसं दगावली. वाळलेल्या गवतात विडी-सिगारेट पेटवणं हा निव्वळ खुळेपणा. कड्यांवर आग्या मोहोळं असतात. धूर, उग्र अत्तर आणि आरडाओरडा त्यांना सहन होत नाही. मला अत्तराची आवड आहे, पण डोंगरात जाताना ते घरीच ठेवतो.

बिबट्याचं विचाराल, तर या रानात तो आहे. सहसा तोच माणसाला टाळतो. लहान मुलांना पुढेमागे एकटं सोडू नये आणि संध्याकाळच्या आत खाली यावं. साप चावला तर कापाकापी, चोखणं काही करू नये. माणसाला शांत ठेवावं, कमीत कमी हलवावं आणि दवाखाना गाठावा. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि मदतीसाठी ११२ हे क्रमांक लक्षात ठेवावेत.

आता वाटाड्याच्या पैशांबद्दल. निघण्यापूर्वी रक्कम ठरवावी आणि ती त्याच्या दिवसाच्या मजुरीपेक्षा कमी नसावी. तो आपल्यासाठी एक दिवस सोडतो. त्या दिवशी वीटभट्टीवर, शेतावर किंवा कंपनीत तो गेला असता. त्याच्यासाठी जेवण आणि पाणी आपण न्यावं. वर पोहोचल्यावर आपण डबे उघडतो आणि वाटाड्या लांब जाऊन दगडावर बसतो, हे दृश्य मी पाहिलेलं आहे. त्याला हाक मारून जवळ बसवावं. आमच्या म्हाताऱ्याला मी हाक मारली, तेव्हा त्याने आधी विचारलं, ‘तुमच्यात चालेल ना?’ मी म्हटलं, ‘काका, हा प्रश्न मी तुम्हाला विचारणार होतो.’ मग आम्ही दोघांनी एकाच कागदावर भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी खाल्ली.

त्या दिवशी माथ्यावरून उत्तरेला वैतरणा दिसली, दक्षिणेला तानसा. लांबवर कोहोज, माहुली, तुंगारेश्वर. पडलेल्या तटाचे दगड, गवतात गंजत पडलेल्या तोफा. एवढ्या वर त्या कशा चढवल्या असतील, असं मी विचारलं. तो म्हणाला, ‘आमच्याच कुणाच्या तरी खांद्यावरून.’ मला त्यावर बोलायला काही सुचलं नाही.

तो म्हातारा आता नाही. गेल्या हिवाळ्यात मी पुन्हा सकवारला गेलो तेव्हा त्याचा नातू भेटला. तो वसईला एका कारखान्यात पाळीने जातो. ‘वर येतोस का?’ विचारलं, तर म्हणाला, ‘अर्ध्यापर्यंत येतो. पुढची वाट मला नीट ठाऊक नाही, आजोबांना होती.’ गावात गॅस आला, मोळ्या कमी झाल्या. ते चांगलंच झालं. त्या बायांच्या मानेवरचं ओझं उतरलं. पण वाट ही चालण्याने राहते. दोन पावसाळे कुणी चाललं नाही, की कारवी ती गिळून टाकते. नातवाने गावातल्याच दुसऱ्या एकाला बोलावून आणलं, पन्नाशीच्या गुराख्याला. तिघे मिळून वर गेलो. मुलगा सगळीकडे पाहत होता. गुराखी ज्या दगडाकडे बोट दाखवेल तो दगड हाताने चाचपून बघत होता. उतरताना, त्या कड्याखाली, गुराख्याने त्याला पुढे केलं. मुलगा एकदा डावीकडे चुकला, थांबला, मागे आला आणि मग बरोबर वळला.

येत्या रविवारी निघालात तर सकाळी गावात थोडं थांबा. कुणी ‘सोबत येऊ?’ असं विचारलं तर हो म्हणा. आणि सोबत त्याचा मुलगा किंवा नातू यायला तयार असेल, तर त्याचेही पैसे द्या.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)